हवा न लागू देता बिअर केगमध्ये : घरगुती ब्रूइंगमधील ‘बंद स्थानांतर’

किण्वन पूर्ण झालेली बिअर किण्वनपात्रातून केगमध्ये नेण्यास जेमतेम अर्धा तास लागतो. दोन-तीन आठवड्यांची मेहनत वाया जाण्याचा धोका मात्र याच अर्ध्या तासात सर्वाधिक असतो. नळीने एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात बिअर उघड्यावर ओतली, की ती वाटेत हवेतील ऑक्सिजन शोषून घेते आणि त्याचा परिणाम काही दिवसांतच चवीत उतरतो. हा संपर्क टाळण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा उपयोग करून बिअर बंद मार्गाने हलवण्याची पद्धत मोठ्या ब्रुअरीजमध्ये रूढ आहे. अमेरिका व ब्रिटनमधील घरगुती ब्रूइंगमध्येही ती आता सर्रास वापरली जाते. तिला ‘क्लोज्ड ट्रान्सफर’ म्हणजेच बंद स्थानांतर म्हणतात. तिच्यामागील शास्त्र, लागणारे साहित्य, प्रत्यक्ष कृती आणि घ्यावयाची काळजी यांचा हा आढावा.

ऑक्सिजन : आधी हवा, नंतर नको

बिअरच्या निर्मितीत ऑक्सिजनची भूमिका मध्येच पालटते. माल्टचा उकळून थंड केलेला गोड अर्क, म्हणजे वर्ट, यीस्टच्या स्वाधीन करताना त्यात ऑक्सिजन असणे आवश्यक असते. साधारणपणे दर दशलक्ष भागांत ८ ते १० भाग, म्हणजे लिटरमागे ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरेसा मानला जातो. त्याच्या साहाय्याने यीस्ट आपल्या पेशींच्या आवरणास लागणारी स्टेरॉल्स तयार करते आणि जोमाने वाढते. हा साठा यीस्ट काही तासांतच संपवते. त्यानंतर बिअरमध्ये शिरणारा ऑक्सिजन मात्र नुकसानच करतो.

हे नुकसान दोन प्रकारचे असते. फिकट लागरसारख्या बिअरमध्ये जुनेपणाबरोबर ट्रान्स-टू-नोनेनाल या संयुगाचा ओल्या पुठ्ठ्यासारखा स्वाद जाणवू लागतो. अगदी अल्प प्रमाणातही तो जिभेला कळतो. दुसरा फटका हॉप्सना बसतो. हॉप्सचा भरपूर वापर असलेल्या, विशेषतः न्यू इंग्लंड शैलीच्या धूसर आयपीएमध्ये संत्रे, आंबा, पेरू यांची आठवण करून देणारा सुगंध झपाट्याने मावळतो. फिकट पिवळा रंग करडा-तपकिरी होतो आणि चवीत शिळ्या मधासारखा गोडवा उरतो.

किती ऑक्सिजन म्हणजे फार, हे एका साध्या हिशेबावरून कळते. व्यावसायिक ब्रुअरीज बंद डब्यातील एकूण ऑक्सिजन दर अब्ज भागांत १०० भागांच्या, म्हणजे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करतात. आता १९ लिटरच्या केगमध्ये बिअर भरल्यावर माथ्याशी केवळ अर्धा लिटर हवा राहिली आहे असे समजू. त्या हवेत सुमारे १४० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो सर्व बिअरमध्ये उतरला, तर लिटरमागे सात मिलिग्रॅमहून अधिक, म्हणजे व्यावसायिक मर्यादेच्या सुमारे सत्तरपट प्रमाण होते. बिअर ओतताना ती खळखळू न देणे पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. केगमधील हवाच आधी बाहेर काढावी लागते.

लोणच्यावरील तेलाचा थर आणि एक गैरसमज

लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर राखला, की फोडींना हवा लागत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तोही केगच्या तळाशी असाच थर धरून बसेल, अशी समजूत ब्रूइंग करणाऱ्यांत दीर्घकाळ प्रचलित आहे. रिकाम्या केगमध्ये काही सेकंद वायू सोडून ‘पांघरूण घातले’ असे मानण्याची सवय त्यातूनच आली.

या समजुतीला निरीक्षणाचा काही आधार आहे. १७६७ च्या सुमारास इंग्लंडमधील लीड्स शहरात ब्रुअरीशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टली यांनी आंबणाऱ्या पिंपांवर साठलेल्या वायूत जळती ज्योत विझते, हे पाहिले होते. याच वायूच्या अभ्यासातून पुढे १७७२ मध्ये त्यांनी पाण्यात तो विरघळवण्याची, म्हणजे आजच्या सोडावॉटरची रीत प्रसिद्ध केली. पण आंबणाऱ्या पिंपावर वायूचा थर टिकतो, कारण खालून नव्या वायूचा पुरवठा सतत चालू असतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. वायू मात्र एकमेकांत मिसळतातच. नळीतून वेगाने शिरणारा कार्बन डायऑक्साइड केगमधील हवा ढवळतो आणि थोड्याच वेळात दोहोंचे एकजीव मिश्रण होते. म्हणून हवेवर पांघरूण घालण्याऐवजी ती पूर्णपणे हुसकावून लावणे, हेच बंद स्थानांतराचे पहिले सूत्र आहे.

साहित्य

घरगुती ब्रूइंगमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा केग म्हणजे स्टेनलेस स्टीलचा ‘कॉर्नेलियस’ केग. त्याची क्षमता पाच अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर. हे केग मूळचे शीतपेयांच्या व्यवसायातले. पेप्सीचे ‘बॉल लॉक’ आणि कोका-कोलाचे ‘पिन लॉक’ अशी त्यांच्या जोडणीची दोन घराणी आहेत. शीतपेयांचा पाक पुढे खोक्यातील पिशव्यांतून येऊ लागला आणि जुने केग मोठ्या संख्येने घरगुती ब्रूइंग करणाऱ्यांच्या हाती पडले. केगला दोन तोंडे असतात. वायूच्या तोंडाखाली आखूड नळी असते, तर द्रवाच्या तोंडाखालील लांब नळी तळापर्यंत पोहोचते. झाकणावर दाब सोडण्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो.

याखेरीज कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, वायूच्या व द्रवाच्या नळ्या, त्यांच्या जोडण्या आणि निर्जंतुक करणारे द्रावण लागते. द्रावण आम्लयुक्त व धुवावे न लागणारे असावे. क्लोरिनचे ब्लीच स्टीलला खड्डे पाडते. अमेरिकेत पाच पौंडांचा, म्हणजे सुमारे २.३ किलो वायूचा सिलिंडर घरगुती वापरास सोयीचा ठरतो. त्यात वायू द्रवरूपात असतो. खोलीच्या तपमानाला आतील दाब दर चौरस इंचास सुमारे ८५० पौंड, म्हणजे ८५० पीएसआय असतो आणि द्रव संपेपर्यंत तो जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे सिलिंडरमध्ये किती वायू उरला हे दाबमापकावरून कळत नाही. त्यासाठी सिलिंडरचे वजनच करावे लागते. वायू खाद्यपेयांसाठीच्या प्रतीचा घ्यावा आणि रेग्युलेटरला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असावा, नाहीतर पात्रातील दाब वाढल्यास बिअर उलट रेग्युलेटरमध्ये शिरते.

केगमधील हवा काढण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत द्रवविस्थापनाची. केग निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरून झाकण लावावे आणि वायूच्या तोंडातून कार्बन डायऑक्साइड सोडून ते द्रावण लांब नळीने बाहेर ढकलावे. द्रावणाची जागा थेट वायू घेतो. या पद्धतीत एका केगला साधारण ३५ ते ४५ ग्रॅम वायू पुरतो. मात्र झाकणाच्या घुमटाखाली हवेचा कप्पा अडकून राहतो. तो शंभर मिलिलिटरचा असला, तरी रिकाम्या झालेल्या केगमध्ये दर दशलक्ष भागांत सुमारे १,१०० भाग ऑक्सिजन उरतो. यासाठी भरताना केग थोडा कलता करून हवा बाहेर काढावी आणि द्रावण ढकलून झाल्यावर दोन-तीन वेळा दाब भरून सोडावा.

दुसरी पद्धत दाब भरण्याची व सोडण्याची. कोरड्या केगमध्ये ३० पीएसआयपर्यंत वायू भरायचा आणि सुरक्षा व्हॉल्व्हमधून सोडून द्यायचा. प्रत्येक आवर्तनात उरलेल्या हवेचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर येते. पाच आवर्तनांनंतर ऑक्सिजन दर दशलक्ष भागांत ८०० च्या आसपास, तर दहा आवर्तनांनंतर सुमारे ३ भाग राहतो. पद्धत सोपी असली, तरी खर्चिक आहे. दहा आवर्तनांना ७०० ग्रॅम वायू लागतो, म्हणजे पाच पौंडांचा सिलिंडर तीन केगांतच संपतो.

तिसरी पद्धत किण्वनातून निघणाऱ्या वायूचाच उपयोग करण्याची. सुमारे पाच टक्के अल्कोहोलच्या २० लिटर बिअरच्या किण्वनात पाऊण किलोहून थोडा अधिक, म्हणजे आकारमानाने ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एरवी तो हवेत विरून जातो. किण्वनपात्राची वायूनळी केगच्या लांब नळीच्या तोंडाला जोडावी आणि केगच्या वायूच्या तोंडातून निघणारी नळी पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवावी. केगच्या आकारमानाच्या वीसपट वायू आठवडाभरात त्यातून वाहून जातो आणि हवेचा नगण्य अंश मागे राहतो. केग व नळ्या आधीच निर्जंतुक असल्या पाहिजेत. नळीत फेस चढू नये म्हणून पात्राच्या वरच्या भागात पुरेशी मोकळी जागाही ठेवावी लागते. सिलिंडरमधील वायूचा थेंबही खर्च न करणारी ही पद्धत तीनही पद्धतींत सर्वात परिणामकारक ठरते.

प्रत्यक्ष स्थानांतर

१. किण्वन पूर्ण झाल्याची खात्री करावी. घनतेचे मापन दोन-तीन दिवसांच्या अंतराने सारखेच आले, तरच पुढे जावे.

२. बिअर थंड करून यीस्ट व हॉप्सचा गाळ तळाशी बसू द्यावा. पात्र २० अंशांवरून २ अंश सेल्सियसवर आणताना आतील वायू आकुंचन पावतो, काही वायू बिअरमध्ये विरघळतो आणि एअरलॉकमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून थंड करण्यापूर्वी पात्रात कार्बन डायऑक्साइडचा थोडासा दाब भरून ठेवावा. पात्र दाब सोसणारे नसेल, तर वायूने भरलेली मऊ पिशवी एअरलॉकच्या जागी जोडावी.

३. हवा काढलेल्या केगमध्ये थोडा दाब ठेवावा. बिअरची नळी प्रथम केगच्या द्रवाच्या तोंडाला जोडून तिच्यातून काही सेकंद वायू बाहेर येऊ द्यावा, म्हणजे नळीतील हवा निघून जाते. मग तिचे दुसरे टोक किण्वनपात्राला जोडावे.

४. केगमधील दाब सोडून वायूच्या तोंडाला मोकळी नळी लावावी. तिचे टोक पाण्यात किंवा द्रावणात बुडवल्यास वायू बाहेर पडत असल्याचे बुडबुड्यांवरून कळते आणि हवाही परत शिरत नाही.

५. किण्वनपात्रात वरून एक ते तीन पीएसआय एवढाच दाब द्यावा. बिअर लांब नळीतून केगच्या तळाशी शांतपणे उतरते. घाई करून दाब वाढवल्यास गाळ उसळून वर येतो.

६. केग भरल्याचे वजनावरून ओळखावे. केग साध्या वजनकाट्यावर ठेवून रिकाम्या केगचे वजन आधी नोंदवावे. १८ ते १८.५ लिटर बिअर उतरली, म्हणजे वजन तेवढ्याच किलोंहून किंचित अधिक वाढले, की थांबावे. थंड बिअर असल्यास केगच्या बाहेरील दवाची रेषाही पातळी दाखवते.

७. जोडण्या काढून केगमध्ये २५ ते ३० पीएसआय दाब भरावा, म्हणजे झाकण घट्ट बसते. साबणाच्या पाण्याने गळती तपासावी. त्यानंतर केग सुमारे ३ अंशांवर ठेवून १२ पीएसआय दाब कायम ठेवल्यास आठ-दहा दिवसांत बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीचपट वायू विरघळतो. बहुतेक एल प्रकारांना एवढा फेसाळपणा योग्य ठरतो.

सिलिंडरशिवाय स्थानांतर करावयाचे झाल्यास किण्वनपात्र टेबलावर व केग जमिनीवर ठेवावा आणि केगच्या वायूच्या तोंडातून निघणारी नळी किण्वनपात्राच्या माथ्याशी जोडावी. बिअर गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि केगमधून हुसकलेला कार्बन डायऑक्साइड वर जाऊन तिची रिकामी झालेली जागा भरतो. मार्ग पूर्णपणे बंद राहतो व बाहेरून वायू लागत नाही. वेळ मात्र अधिक लागतो.

फेसाळलेली बिअर एका केगमधून दुसऱ्या केगमध्ये नेताना वेगळी खबरदारी आवश्यक आहे. दाब अचानक कमी झाला, तर विरघळलेला वायू बाहेर पडून नुसता फेस होतो. त्यामुळे दोन्ही केगमध्ये आधी समान दाब ठेवावा. मग भरणाऱ्या केगला हव्या त्या दाबावर आपोआप वायू सोडणारा व्हॉल्व्ह लावून तेथील दाब देणाऱ्या केगपेक्षा किंचितच कमी राखावा. दोन्ही केग आणि नळी थंड असतील, तर फेस जवळजवळ होत नाही.

नेहमीच्या अडचणी

प्रवाह मध्येच थांबण्याचे प्रमुख कारण म्हणजे हॉप्सचे कण. जोडणीतील स्प्रिंगच्या छोट्या झडपेत ते अडकतात. हॉप्स जाळीच्या पिशवीत टाकणे किंवा बिअर तळाऐवजी पृष्ठभागाजवळून घेणारी तरंगती नळी वापरणे, हे त्यावरचे उपाय आहेत. दुसरे कारण दोन्ही पात्रांतील दाब समान होण्याचे असते. केगमधून वायू बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा आहे का, हे पाहावे. नळीत सतत बुडबुडे दिसत असतील, तर जोडणी सैल आहे किंवा बिअर पुरेशी थंड झालेली नाही.

दाब आणि वायू : येथे चूक महागात पडते

स्थानांतरासाठी लागणारा दाब कमी वाटला, तरी तो मोठ्या पृष्ठभागावर पडतो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर केवळ २ पीएसआय दाबानेही सुमारे १०० किलो भाराइतका जोर येतो. प्लॅस्टिकच्या बादल्या यासाठी बनवलेल्याच नसतात. काचेचा कारबॉय तर सिलिंडरला कधीही जोडू नये. काचेतील न दिसणारा तडा दाबाखाली फुटला, तर होणाऱ्या जखमा गंभीर असतात. अशा पात्रांसाठी गुरुत्वाकर्षणाची पद्धतच योग्य. दाब सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या पात्रावरही उत्पादकाने लिहिलेली मर्यादा पाहावी आणि सुरक्षा व्हॉल्व्ह बसवलेला असावा. प्रत्येक स्टीलचे पात्र जास्त दाबासाठी बनवलेले असतेच असे नाही.

सिलिंडर नेहमी उभा व साखळीने किंवा पट्ट्याने बांधलेला असावा. उन्हात तापलेल्या मोटारीत तो ठेवू नये. दाब वाढल्यास त्याची सुरक्षा चकती फुटते आणि सर्व वायू बाहेर पडतो. ने-आण करताना गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

घरात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा धोका गळतीचा आहे. पाच पौंडांच्या सिलिंडरमधील सर्व वायू मोकळा झाला, तर तो सुमारे १,२०० लिटर जागा व्यापतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा बंद खोलीत त्याचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी या वायूची मर्यादा अर्धा टक्का आहे आणि चार टक्के हे प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते. पुरेसे वायुवीजन नसलेल्या तळघरात हा जड वायू जमिनीलगत साचतो, त्यामुळे खाली वाकलेला माणूस किंवा रांगणारे मूल त्याच्या तडाख्यात आधी सापडते. डोकेदुखी, धाप आणि गुंगी ही त्याची लक्षणे.

घराघरांत छताला बसवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कार्बन डायऑक्साइड ओळखत नाही. दोन्ही वायूंच्या नावांत साम्य असले, तरी संवेदक वेगळे असतात. सिलिंडर तळघरात किंवा झोपण्याच्या खोलीजवळ असेल, तर कार्बन डायऑक्साइडचा स्वतंत्र अलार्म जमिनीपासून कमी उंचीवर बसवावा आणि वापर नसताना सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवावा. कोणी बेशुद्ध पडलेले दिसल्यास घाईने आत शिरू नये. दारे-खिडक्या उघडून आपत्कालीन मदत बोलवावी. वाचवायला गेलेल्याचाही त्याच हवेत बळी जाऊ शकतो.

कायदा कोठे काय सांगतो

अमेरिकेत घरगुती बिअरला संघीय मान्यता देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वाक्षरी केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यानुसार एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन बिअर कर न भरता तयार करता येते. तिची विक्री करता येत नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. ब्रिटनने परवान्याची अट १९६३ मध्येच काढून टाकली. सौदी अरेबिया व कुवेतमध्ये मात्र घरी मद्य तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे.

मायदेशी परतणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, की महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९’ अन्वये परवान्याविना मद्यनिर्मिती करणे दंडनीय आहे. पुण्या-मुंबईतील मायक्रोब्रुअरीज रीतसर परवाना घेऊनच चालतात. स्वतःच्या वापरापुरती, विक्रीसाठी नसलेली बिअर हा बचाव तेथे चालत नाही. केग आणि नळ्या सामानात नेता येतील, छंद मात्र येथेच ठेवून जावा लागतो.